फावल्या वेळेचा जमाखर्च : माणसे वेचणारे विमान

बार्शीहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या नववीतल्या मुलाला मामांनी इंग्लंडहून येताना एक खोके आणून दिले. खोक्यात राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो सुटे भाग, एक चित्रमय पुस्तिका आणि पाण्यात भिजवून लावायच्या खुणांचा कागद आहे. वरच्या झाकणावर दोन मजली पंखांचे, नौकेसारख्या पोटाचे एक विचित्र विमान लाटांवर उतरताना दाखविले आहे. नाव लिहिले आहे ‘सुपरमरीन वॉलरस’. मुलगा रोज खोके उघडतो, भाग न्याहाळतो आणि पुन्हा बंद करून ठेवतो, कारण घरात मतैक्य नाही. वडील म्हणतात, दुकानात हंगामाची धांदल असताना हा पोरखेळ कशाला? आणि आजी म्हणतात, “अरे बाळा, लढाईचं विमान आपल्या घरात कशाला मांडायचं?” भगिनींचा प्रश्न सरळ आहे : करू द्यावे का? आणि करू द्यायचे तर कसे?

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. आजींच्या प्रश्नाला अधिक वजन आहे, म्हणून प्रथम तो घेऊ. मात्र त्यासाठी हे विमान काय होते, हे नीट जाणून घ्यावे लागेल.

वॉलरसचे जनक रेजिनाल्ड मिचेल. ज्यांनी ‘स्पिटफायर’ हे देखणे आणि वेगवान लढाऊ विमान घडविले, तेच हे गृहस्थ. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या सुपरमरीन कारखान्यात त्यांनी शर्यतीची जलविमाने घडविली. त्यांतील एकाने १९३१ मध्ये श्नायडर चषक कायमचा ब्रिटनला मिळवून दिला. त्याच हातांनी वॉलरसचीही आखणी केली, हे सांगूनही पटत नाही. स्पिटफायर म्हणजे जणू तासून काढलेला बाण, तर वॉलरस म्हणजे पंख लावलेली मालवाहू होडी. २१ जून १९३३ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. तेव्हा त्याचे नाव ‘सीगल ५’ होते आणि पहिले मोठे गिऱ्हाईक होते ऑस्ट्रेलियाचे हवाई दल. त्यांनी चोवीस विमाने मागविली. पुढे ब्रिटनने ते स्वीकारले आणि ‘वॉलरस’ हे नाव दिले. पहिल्या उड्डाणानंतर अवघ्या काही दिवसांनी हेंडनच्या प्रदर्शनात वैमानिक समर्स यांनी या बोजड यंत्राची हवेत उभी गिरकी घेतली, तेव्हा खुद्द मिचेलही चकित झाले होते, असे नमूद आहे. हे बळ त्याच्या अंगी आले होते ते दुसऱ्याच कारणाने. युद्धनौकेवरील यांत्रिक गोफणीतून हे विमान हवेत फेकले जाई आणि तो हिसका सोसण्यासाठी त्याचा सांगाडा मुळातच दणकट केला होता.

त्याची रचनाही मोठी मजेची आहे. बहुतेक विमानांत इंजिन पुढे आणि पंखा ओढणारा असतो. येथे इंजिन दोन पंखांच्या मधोमध, खांबांवर उचलून धरलेले आणि पंखा मागच्या बाजूला, ढकलणारा. त्यामुळे उसळणाऱ्या पाण्यापासून पंखा वाचे आणि नाकापाशी उभे राहून दोर पकडणाऱ्या माणसाला त्याचे भय नसे. पंख्याने मागे फेकलेली हवा गोल फिरत शेपटीच्या सुकाणूवर आदळे आणि विमान एका अंगाला वळू पाही. त्यावर उपाय म्हणून संपूर्ण इंजिन तीन अंश उजवीकडे तिरपे बसविले होते. वैमानिकाच्या हातातील चालनदांडा तर जमिनीतील खोबणीतून उपटून काढता येई. दोन आसनांपुढे दोन खोबणी, पण दांडा बहुधा एकच. कारभार दुसऱ्याकडे सोपवायचा असेल तर दांडा उपसून त्याच्या हाती द्यायचा. दुकानाच्या किल्ल्या सोपविण्यासारखाच हा प्रकार! सामानात नांगर, दोरखंड आणि होडी ओढायची आकडीही असे. तापलेल्या इंजिनावर पाणी उडून वाफ उठे, म्हणून खलाशी त्याला थट्टेने ‘वाफेचे कबूतर’ म्हणत.

आता मुद्द्याचे. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जी लढाई झाली, तीत अनेक वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप खाली आले. पण ते उतरले इंग्लिश खाडीच्या पाण्यात, आणि तेथेच गारठून वा बुडून गेले. माणूस हवेत वाचला आणि पाण्यात गमावला. त्यांना शोधून उचलण्याची नीट व्यवस्थाच ब्रिटनकडे नव्हती. १९४१ मध्ये हवाई-सागरी बचावासाठी स्वतंत्र विभाग उभारण्यात आला आणि त्या कामी हे जुनाट वाटणारे, ताशी जेमतेम २१७ किलोमीटर वेगाचे वॉलरस उपयोगी ठरले. वेगवान विमाने वरून घिरट्या घालून बुडणारा माणूस शोधीत. वॉलरस मात्र त्याच्याजवळ पाण्यावर उतरे, नाकाशी किंवा बाजूला टेकलेले हात खाली वाकत आणि भिजलेला माणूस आत ओढला जाई. कधी किनाऱ्यावरील तोफांच्या टप्प्यात, कधी पेरलेल्या सुरुंगांच्या पट्ट्यात. ओझे फार झाले किंवा लाटा उंच असल्या, म्हणजे विमान उडेना. तेव्हा ते होडीसारखे पाण्यावरूनच किनाऱ्याकडे चालत येई. या मोहिमांतून एक हजाराहून अधिक वैमानिक पाण्यातून उचलले गेले. त्यांपैकी जवळपास सहाशे एकट्या २७७ क्रमांकाच्या तुकडीच्या नावे जमा आहेत. उचलताना गणवेश पाहिला जात नसे. त्यांत जर्मन वैमानिकही होते.

आजींना फसवावयाचे नाही. वॉलरसवर बंदुका होत्या; पाणबुड्यांवर टाकायचे बाँबही ते नेत असे; आणि मुळात ते नौदलाची टेहळणी करून तोफांना लक्ष्य दाखविण्यासाठीच जन्मले होते. ते युद्धाचेच यंत्र होते. परंतु युद्धातील यंत्रांत ज्याच्या खात्यात वाचविलेल्या माणसांची जमा इतकी ठळक आहे, असे दुसरे विमान शोधावयास बसलो तर फार हाती लागणार नाहीत. मामांनी जाणून आणले असो वा नसो, खोके चांगले निवडले गेले आहे. माझे मत विचाराल तर मुलाने प्रतिकृती करावी, बंदुका लावायच्या की नाहीत हे आजींशी बोलून ठरवावे, आणि विमानाचा हा सारा इतिहास स्वतः आजींना सांगावा. संचातील बंदुका हे सुटे, बारीक भाग असतात; बचाव तुकडीचे विमान दाखविताना त्या वगळल्याने प्रतिकृतीचे रूप बिघडत नाही.

वडिलांसाठी वेगळे उत्तर आहे, आणि ते व्यापाराच्याच भाषेत देतो. असल्या खोक्यांचा जगभर गाजलेला एक ब्रिटिश कारखाना म्हणजे एअरफिक्स. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरीहून आलेल्या निर्वासिताने तो १९३९ मध्ये काढला, तेव्हा त्यात हवा भरायची रबरी खेळणी होत. व्यापारी सूचीत दुकानाचे नाव आरंभी यावे, म्हणून त्याने ते इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या अक्षराने सुरू केले असे म्हणतात. १९४७ मध्ये त्याने वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून भरणारे यंत्र आणले. कशासाठी? खिशातल्या कंगव्यांसाठी! १९४९ मध्ये फर्ग्युसन कंपनीला आपल्या विक्रेत्यांच्या हाती देण्यासाठी ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती हवी होती. ती जोडून द्यायला मजुरी फार पडे, म्हणून पुढे ती सुट्या भागांतच विकली गेली. जोडणीचे काम गिऱ्हाइकाकडेच सोपविले, आणि गिऱ्हाइकाला तेच आवडले. १९५२ मध्ये वूलवर्थच्या दुकानांतून ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा संच खोक्याऐवजी साध्या पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकला, कारण त्याहून महाग माल तेथे खपला नसता. पुढच्याच वर्षी स्पिटफायर आले. कारखान्याने १९८१ मध्ये दिवाळेही पाहिले, हात बदलले, आणि २००६ पासून तो हॉर्नबी या खेळण्यांच्या घराण्याकडे आहे. अलीकडच्या काळात त्याच्या कित्येक संचांचे भाग आपल्याच देशात साच्यातून निघाले आणि खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ असे छापलेले दिसू लागले. इंग्लंडहून मामांनी आणलेले खोके उलटवून पाहावे. कदाचित ते माहेरीच परतले असेल.

वेळेविषयी एवढेच म्हणेन की, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपल्यावर रात्रीचे जे दोन तास मोबाइलच्या पडद्यावर जातात, तेवढेच पुरतात. चातुर्मासात प्रवास कमी असतो. श्रावणात आरंभ केला तर दिवाळीच्या साफसफाईपर्यंत विमान उभे राहील. हिशेबाला शिकणाऱ्या मुलाला प्रमाणाचे गणितही हाताखालून जाते. १:७२ म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस एक इंच. वॉलरसच्या पंखांचा पसारा १३.९७ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये १९.४ सेंटिमीटर, आणि १:४८ मध्ये २९ सेंटिमीटरांहून किंचित अधिक. लांबी ११.४५ मीटर, तिचा भागाकार मुलाने स्वतः करावा. खोक्यावर प्रमाण लिहिलेले असते, ते आधी पाहावे. नवशिक्यासाठी मोठे प्रमाण बरे. पंखांमधले खांब हातात धरता येतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिल्या दिवशी गोंदाची बाटली उघडू नये. पुस्तिका आरंभापासून अखेरपर्यंत वाचावी, आणि भाग चौकटीसकट साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवावेत. साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. भाग पिळून तोडू नये. नखे कापायच्या कात्रीने अथवा धारदार पात्याने कापावा आणि राहिलेला कोंभ बारीक पॉलिश पेपरने घासावा. प्रत्येक जोड आधी कोरडाच लावून पाहावा. गोंद साधा नव्हे, प्लॅस्टिक विरघळविणारा हवा. तो दोन्ही कडा किंचित वितळवितो, त्या एकजीव होतात आणि वाळल्यावर तो जोड सुटत नाही. म्हणूनच तो जपून, काडीच्या टोकाने लावायचा. त्याला उग्र वास असतो. खिडकी उघडी ठेवूनच बसावे आणि दिवा-समई जवळ नसावी. काचेच्या पारदर्शक भागांना मात्र हा गोंद किंवा फेविक्विक लावू नये. पहिला काच वितळवितो, दुसऱ्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरते. तेथे शाळेतला पांढरा गोंद पुरतो.

ब्रशांविषयी एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगितली पाहिजे. बारीक कामासाठी जे ब्रश नावाजले जातात, ते बहुधा सेबल म्हणून विकले जातात आणि प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. त्यांची काही गरज नाही. नायलॉनच्या धाग्यांचे ब्रश आता तितकेच टोकदार मिळतात आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगांना तर ते अधिक टिकतात. खरेदी करताना दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

धडाचे दोन अर्ध एकत्र जोडण्याआधी आतला भाग रंगवून घ्यावा; नंतर तेथे हात पोचत नाही. आणि त्याच वेळी एक निर्णय करावा : चाके खाली की वर? वॉलरस पाण्यावरही उतरे आणि धावपट्टीवरही. जमिनीवर उभे दाखवायचे असेल तर चाके खाली, निळ्या पाण्याच्या देखाव्यात ठेवायचे असेल तर चाके पंखांच्या खालच्या खोबणीत मिटलेली. या निवडीत घोटाळा झाला तर काय होते, हे खऱ्या वैमानिकांनीही अनुभवले आहे. एकदा ब्रिटिश आरमाराचे सरसेनापती बॅकहाउस यांना नेणारे वॉलरस चाके खाली ठेवूनच पाण्यावर टेकले आणि तत्काळ उलटले. सुदैवाने आतल्यांना किरकोळ दुखापतींवर निभावले. त्यानंतर लवकरच चाकांची स्थिती दाखविणारा दर्शक वैमानिकापुढच्या फळीवर बसविण्यात आला, आणि असा दर्शक लाभलेल्या पहिल्या काही विमानांत वॉलरसची गणना होते. शेपटीचे चाकही पाहण्यासारखे आहे : ते एका छोट्या पाणसुकाणूच्या पोटात दडविलेले होते.

रंगाच्या बाबतीत वॉलरस एक सुंदर युक्ती शिकविते. युद्धकाळात त्याच्या वरच्या अंगावर गडद समुद्री राखाडी आणि गडद पाटीच्या राखाडी रंगाचे नागमोडी पट्टे असत, खालची बाजू फिकट हिरवट आकाशी. पण दुपंखी विमानात खालच्या पंखावर वरच्या पंखाची सावली पडते, आणि वरून पाहणाऱ्याला तो अधिकच काळा दिसून विमान उठून दिसते. म्हणून खालच्या पंखाच्या पृष्ठभागाला त्याच दोन रंगांच्या फिकट छटा दिल्या जात. म्हणजे पट्टे तेच, रंग चार. ही छटा प्रतिकृतीत उतरविली की जाणकाराचे लक्ष तेथेच जाते. रंग पातळ करून दोन-तीन हात द्यावेत; एकाच जाड हाताने बारीक रेषा बुजतात.

खरी कसोटी वरचा पंख बसविताना लागते. खांब, इंजिन आणि वरचा पंख हे सारे एकाच वेळी जागेवर यावे लागते आणि हात दोनच. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून दोन पंखांमध्ये अंतराएवढे आधार उभे करावेत. लहान भावंडांचे जोडायचे ठोकळे असतील तर फारच उत्तम. वर पंख टेकवून पुढून, मागून, बाजूने पाहावे. दोन्ही पंख परस्परांना समांतर दिसेपर्यंत गोंद नाही. एका संध्याकाळी एवढेच काम करावे आणि रात्रभर हात लावू नये. इंजिन उजवीकडे किंचित तिरके दिसले तर ते सरळ करू नये. वर सांगितलेले तीन अंश हेच. पंख्याची चार पाती एका पातळीत नसतात, हेही ध्यानी ठेवावे. दोन पात्यांचे दोन लाकडी पंखे एकापुढे एक, काटकोनात जोडून तो चौपाती पंखा बनलेला होता.

आता तारा. अनेक जण येथेच थांबतात आणि तारांविना विमान कपाटात ठेवतात. ते मला पटत नाही. दुपंखी विमानात दोन पंख, मधले खांब आणि तिरप्या तारा मिळून एक पेटी बनते. तारा काढल्या तर ती पेटी कोलमडेल. बाहेरच्या खांबाच्या माथ्यापासून आतल्या पायथ्याकडे येणाऱ्या तारा उडताना ताण घेतात, कारण तेव्हा हवा पंखांना वर उचलीत असते. उलट दिशेच्या तारा जमिनीवर पंखांचे वजन पेलतात. कोणती तार कोठून कोठे हे चित्र पाहून पाठ करण्यापेक्षा हे तत्त्व समजले तर चूक आपोआप दिसते. जाडीचा हिशेब करा : एक सेंटिमीटर रुंदीची वस्तू १:७२ मध्ये ०.१४ मिलिमीटर होते. म्हणजे शिवणकामाचा दोराही दोरखंड वाटेल. बाजारात यासाठी ताणणारा खास धागा मिळतो. पण मोत्यांच्या माळा ओवायचा सर्वांत बारीक तंगूसही चालतो. पंख जोडण्यापूर्वीच हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने भोके पाडून ठेवावीत, एक टोक चिकटवून वाळू द्यावे आणि मग दुसरे ओढून बसवावे. तंगूस थोडा सैल राहिला तर जळती उदबत्ती त्याच्या जवळ, न टेकविता, क्षणभर धरावी. उष्णतेने तो आखडून ताठ होतो. हे काम मोठ्या माणसाने शेजारी बसून करवून घ्यावे. वडील यावेत ते येथेच. तराजूचा काटा निरखणारी नजर या कामी फार उपयोगी पडते.

खुणांचे कागद लावणे त्यामानाने सोपे : कोमट पाण्यात अर्धा मिनिट, ब्रशने सरकवून जागेवर, रुमालाने टिपणे. खाली चकचकीत लेप असावा, म्हणजे कडा चांदीसारख्या चमकत नाहीत.

ज्यांना खरे विमान पाहायचे असेल, त्यांच्यासाठी मोजकीच ठिकाणे उरली आहेत. एकूण ७४० विमाने बांधली गेली. टंचाईच्या दिवसांत धातूऐवजी लाकडी धडाचीही अनेक झाली. लंडनला हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात, इंग्लंडातच येव्हिल्टन येथील नौदलाच्या हवाई संग्रहालयात आणि ऑस्ट्रेलियात पॉइंट कुकला प्रत्येकी एक आहे. तेथे नातलग असणाऱ्यांनी मुलाला तारा आणि खांब यांची छायाचित्रे अवश्य पाठवावीत.

तयार प्रतिकृती उघड्यावर ठेवू नये. पेठेतल्या घरांत धूळ फार. ती तारांवर बसते आणि फडक्याने पुसायला गेले की तारच तुटते. सुताराकडून काचेची पेटी करून घ्यावी, आतून पंखांच्या पसाऱ्यापेक्षा दोन्ही बाजूंना दोन बोटे मोकळी. उन्हाच्या खिडकीपासून ती दूर असावी, कारण उन्हाने पारदर्शक भाग पिवळे पडतात. साफ करायचेच झाले तर मऊ, कोरडा नायलॉनचा ब्रश घ्यावा आणि तो नाकाकडून शेपटीकडे फिरवावा.